अमेरिकेतल्या पोरांसाठी टोयोटानं ‘सायन’ ब्रँड काढला, १० लाखांवर गाड्या विकल्या, मग तो गुंडाळला का?

सायन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सायन स्टेशन, सायन हॉस्पिटल, नाहीतर सायन-पनवेल हायवेवरचं ट्रॅफिक. पण अमेरिकेत आज चाळिशीत असलेल्या एखाद्या गाडीवेड्या माणसापुढं हे नाव काढा. त्याच्या डोळ्यासमोर एक खोक्यासारखी चौकोनी गाडी येईल. इतकी चौकोनी की तिथले लोक तिला ‘चाकांवरचा टोस्टर’ म्हणायचे.

उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं आणि मुंबईशी संबंध शून्य. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वंशज, वारस. टोयोटानं २००३ मध्ये या नावाचा एक वेगळा ब्रँड फक्त तरुणांसाठी अमेरिकेत आणला. २००६ साली त्याच्या १ लाख ७३ हजार गाड्या खपल्या. चार वर्षांनी, म्हणजे २०१० मध्ये हा आकडा ४५ हजारांवर आला होता आणि २०१६ मध्ये टोयोटानं दुकान बंद केलं.

आता गंमत बघा. बंद करताना कंपनीनंच सांगितलं की, या ब्रँडच्या १० लाखांपेक्षा जास्त गाड्या विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांपैकी ७० टक्के लोक टोयोटाच्या घरात पहिल्यांदाच आले होते आणि निम्मे ग्राहक पस्तिशीच्या आतले होते. म्हणजे ज्या कामासाठी ब्रँड काढला, ते काम त्यानं बऱ्यापैकी केलं. मग तो गंडला कुठं?

हे समजलं की कार कंपन्या ‘यूथ ब्रँड’ नावाचा प्रकार कसा उभा करतात आणि कसा सांभाळतात, ते कळतं. आणि बऱ्याचदा कसा वाऱ्यावर सोडतात, तेसुद्धा.

टोयोटाला वेगळ्या नावाची गरज का पडली?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत टोयोटाचं उत्तम चाललं होतं. १९९७ मध्ये कॅमरी ही अमेरिकेतली सगळ्यात जास्त खपणारी कार झाली. बिघडत नाही, जास्त पेट्रोल पीत नाही, विकायला काढली तर चांगली किंमत येते. घरातल्या जबाबदार माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

पण अडचणही तीच होती. कॅमरी आणि करोला ज्यांनी घेतल्या ती दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी आता पन्नाशीकडं चालली होती. त्यांची पोरं मागच्या सीटवर बसून मोठी झाली होती. त्यांच्यासाठी टोयोटा म्हणजे ‘आई-बाबांची गाडी’. आपल्याकडं कॉलेजच्या पहिल्या दिवशी वडिलांची स्कूटर घेऊन जायला जी लाज वाटायची, तसलाच प्रकार.

कंपनीसाठी हा नुसता इमेजचा प्रश्न नव्हता. कार कंपन्यांचं गणित एका गाडीवर थांबत नाही. पंचविशीत छोटी गाडी, तिशीत फॅमिली कार, पन्नाशीत लेक्सस, अशी माणसाची पूर्ण आयुष्याची खरेदी डोक्यात धरलेली असते. पहिली गाडी दुसऱ्या कंपनीची झाली तर पुढची सगळी साखळी हातातून जाऊ शकते. म्हणून पहिल्या गाडीवर नफा कमी सुटला तरी चालतो, पण ती आपलीच असली पाहिजे.

हे दुखणं टोयोटाला पहिल्यांदा झालं नव्हतं. अमेरिकेत डेट्रॉईटच्या गाडीवाल्यांमध्ये एक जुनी म्हण आहे. तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, पण म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही. १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक विभागाची सूत्रं हातात घेणाऱ्या बंकी नुडसनच्या नावावर ती सांगितली जाते. नुडसननं म्हातारा झालेला पॉन्टियाक ब्रँड वेगवान गाड्यांकडं वळवला. १९६४ मध्ये आलेली पॉन्टियाक जीटीओ तर तिथल्या पोरांचं स्वप्न झाली.

त्याच कंपनीच्या ओल्डस्मोबिल ब्रँडनं उलटं केलं. गाड्या फारशा बदलल्या नाहीत, १९८८ मध्ये जाहिरात मात्र बदलली. ‘ही तुमच्या बापाची ओल्डस्मोबिल नाही’ अशा अर्थाची टॅगलाईन. झालं काय, तर जुन्या गिऱ्हाईकाला वाटलं आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवतायत आणि नवीन गिऱ्हाईक काही फिरकलं नाही. २००४ मध्ये ओल्डस्मोबिल बंद पडली. मार्केटिंगच्या वर्गात आजही हे उदाहरण हसत हसत शिकवलं जातं.

टोयोटाचे पहिले प्रयत्नही असेच फसले होते. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला. इको, सेलिका आणि एमआर-२ स्पायडर या तीन गाड्या टोयोटाच्याच नावानं पण तरुणांसाठी वेगळ्या मार्केटिंगनं विकायच्या, अशी कल्पना होती. इको स्वस्त होती, उंच होती, बसायला सोपी होती. त्यामुळं ती आवडली कुणाला? वयस्कर लोकांना! दोनेक वर्षांत प्रोजेक्ट गुंडाळला.

त्याच काळात जपानमध्ये टोयोटानं याहून अजब प्रयोग केला होता. त्याचं नाव ‘विल’. हा एकट्या टोयोटाचा ब्रँड नव्हता. बिअरवाली असाही, साबण-डिटर्जंटवाली काओ, पॅनासोनिकवाली मात्सुशिता अशा कंपन्यांनी मिळून एकच ब्रँड काढला आणि त्या एका नावाखाली बिअरपासून गाडीपर्यंत सगळं तरुणांना विकायला सुरुवात केली. त्यातली विल व्हीआय ही गाडी सिंड्रेलाच्या भोपळ्याच्या बग्गीसारखी दिसायची. खरंच दिसायची, गूगल करून बघा. २००४ मध्ये तोही कारभार आटोपला.

मग आला सायन

२००२ च्या न्यूयॉर्क ऑटो शोमध्ये घोषणा झाली आणि जून २००३ मध्ये फक्त कॅलिफोर्नियातल्या १०५ टोयोटा डीलर्सकडं विक्री सुरू झाली. पूर्ण अमेरिकेत पोहोचायला आणखी एक वर्ष घेतलं. ही घाई न करणं मुद्दाम होतं. नवीन गोष्ट आधी कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हातात दिसली पाहिजे, बाकीच्यांनी ‘आमच्याकडं कधी?’ विचारलं पाहिजे. आज एखादा बुटाचा ब्रँड जे इन्स्टाग्रामवर करतो, तेच. फक्त तेव्हा इन्स्टा नव्हतं.

गाड्या मात्र नवीन नव्हत्या. इथं एक गोष्ट समजून घेऊ. आपल्याकडं मारुतीची बलेनो टोयोटाचा लोगो लावून ग्लान्झा म्हणून विकली जाते, हे तुम्हाला माहिती असेल. बिल्ला बदलायचा, थोडा चेहरामोहरा बदलायचा, आतली गाडी तीच. सायनचंही तसंच होतं. एक्सए म्हणजे जपानमधली टोयोटा इस्ट आणि ती प्रसिद्ध चौकोनी एक्सबी म्हणजे टोयोटा बीबी. नवीन गाडी शून्यापासून बनवायला जो प्रचंड पैसा लागतो, तो वाचला. शोरूमही वेगळं बांधलं नाही. टोयोटाच्याच शोरूममध्ये एक कोपरा सायनला दिला.

म्हणजे वेगळं होतं काय? विकायची पद्धत.

पहिली गोष्ट किंमत. अमेरिकेत गाडी घ्यायला गेलं की घासाघीस ठरलेली असते. तिकडं चार तास बसायचं, सेल्समन आत जाऊन ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणणार, असा तो तमाशा. ज्याला सवय आहे तो स्वस्तात घेतो, बावीस वर्षांचं पोरगं जास्त पैसे देऊन येतं. सायननं ‘प्युअर प्राइस’ आणली. डीलरनं जी किंमत लावली तीच सगळ्यांना. एक्सबीची किंमत साधारण १४ हजार डॉलर होती. एकट्यानं, वडिलांना सोबत न नेता शोरूममध्ये जाणाऱ्या पोरासाठी ही मोठी सोय होती. माझ्या मते सायननं केलेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच.

पण ही आयडिया सायनची नव्हती. जनरल मोटर्सच्या सॅटर्न ब्रँडनं १९९० पासून हेच केलं होतं आणि लोकांना ते आवडलंही होतं.

दुसरी गोष्ट, व्हेरियंटचा घोळ नाही. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय असला प्रकारच नाही. प्रत्येक मॉडेलचं एकच रूप. एसी, पॉवर विंडो, बऱ्यापैकी म्युझिक सिस्टिम आधीच दिलेली. पुढं तुम्हाला पाहिजे ते लावा. व्हील्स, स्पॉयलर, सबवूफर, आतले रंगीत लाइट, अशी ॲक्सेसरीजची भली मोठी यादी होती. ‘गाडी तुझी, तू बनव’ असा सगळा सूर.

ऐकायला हे स्वातंत्र्य वाटतं आणि ते होतंही. पण त्यामागचा हिशोब बघा. एकच व्हेरियंट बनवला की कारखान्यात गुंतागुंत कमी होते आणि जपानहून जहाजानं येणारा माल सोपा होतो. घासाघीस बंद झाल्यामुळं डीलरचा जो जीव टांगणीला लागला असता, तो ॲक्सेसरीजच्या नफ्यावर शांत झाला. गिऱ्हाईक खूश, डीलर खूश, कारखाना खूश. त्यातच मोजक्याच संख्येत भडक रंगाच्या ‘रिलीज सिरीज’ गाड्या काढायच्या. संपल्या की संपल्या.

तिसरी गोष्ट जाहिरात. या काळात सायनचा कारभार जिम फार्ली बघत होते. तेच फार्ली २०२० मध्ये फोर्डचे सीईओ झाले. सायननं नुसत्या टीव्हीवरच्या जाहिरातींवर भिस्त ठेवली नाही. क्लबमधल्या पार्ट्या, डीजे, ग्राफिटी करणाऱ्या कलाकारांची प्रदर्शनं, छोट्या फिल्म, पुढं तर स्वतःचं म्युझिक लेबल. हेवी मेटलच्या बँडचे फुकट कार्यक्रमसुद्धा टोयोटाच्या पैशानं झाले. त्यात गाडीचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात असायचं. पोरांना वाटलं पाहिजे की हे आपणच शोधून काढलंय.

२००६ मध्ये तर सायन व्हायव्हिल नावाच्या एका वेबसाइटवर गेली. ही साइट शाळकरी मुलांची होती. तिथल्या खोट्या पैशांत मुलं खोटी सायन एक्सबी विकत घ्यायची, रंगवायची, मित्रांना फिरवायची. ज्यांना लायसन्स मिळायला अजून काही वर्षं होती, त्यांना! हुशारी आहे, मान्य. पण शाळेतल्या पोरांच्या खेळात गाडीची जाहिरात घुसवणं बरोबर का, हा प्रश्न तेव्हाही होता. आता मोबाइल गेममध्ये रोज तेच होतंय म्हणून तो प्रश्न संपला असं नाही.

गाडी आवडली, पण कुणाला?

२००४ मध्ये टीसी नावाची दोन दरवाजांची स्पोर्टी गाडी आली आणि तिनं खरोखर तरुणांना ओढलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार टीसी घेणाऱ्यांचं सरासरी वय २९ होतं, पूर्ण इंडस्ट्रीत सगळ्यात कमी.

चौकोनी एक्सबीचं मात्र इकोसारखं झालं. छत उंच, सीट योग्य उंचीवर, दार मोठं, मागं भरपूर जागा आणि किंमत कमी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली गाडी कोणती? पोरांबरोबर त्यांचे आई-बाबा आणि आजी-आजोबाही एक्सबी घेऊन गेले. होंडानंही याच काळात एलिमेंट नावाची चौकोनी गाडी समुद्रावर सर्फिंगला जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी काढली होती आणि तिचंही गिऱ्हाईक अपेक्षेपेक्षा बरंच वयस्कर निघालं.

नुडसनच्या नावावरची म्हण इथं अर्धी खरी ठरली. तरुणाची गाडी म्हातारा घेतो हे खरं. पण खपामुळं दिसतं यश आणि आत ब्रँडची ओळख हळूहळू पुसली जाते. शेजारच्या आजी जी गाडी चालवतात, ती पोरांना ‘आपली’ वाटणार कशी?

टोयोटाला हे दिसत होतं. २००६ मध्ये विक्रमी खप झाल्यावर कंपनीनं एक विचित्र वाटणारा निर्णय घेतला. पुढच्या वर्षी सायनच्या गाड्या दीड लाखापर्यंतच ठेवायच्या. मागणी आहे, पण पुरवठा मुद्दाम कमी. सगळ्यांकडं झाली की ती खास राहणार नाही, हा विचार. बुटांच्या किंवा घड्याळांच्या धंद्यात हे चालतं. पण गाडीचा कारखाना आणि डीलर संख्येवर जगतात.

आणि तेवढ्यात खरी चूक झाली.

मोठी, जड आणि शहाणी

२००७ मध्ये दुसऱ्या पिढीची एक्सबी आली. जुन्या गाडीचं १.५ लिटरचं इंजिन अमेरिकेतल्या हायवेवर कमी पडतं, ही नेहमीची तक्रार होती. म्हणून २.४ लिटरचं इंजिन टाकलं. गाडी साधारण एक फूट लांब झाली, पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन वाढलं. कोपरे गोल झाले. तक्रारी सगळ्या दूर केल्या, फक्त ज्यासाठी लोकांनी ती घेतली होती ते राहिलं नाही. जुन्या एक्सबीच्या मालकांनी नाकं मुरडली.

हीच गाडी जपानमध्ये कोणत्या नावानं विकली माहितीये? करोला रुमियन. हो, रुमियन. आपल्याकडं एर्टिगाला टोयोटाचा लोगो लावून २०२३ मध्ये जी रुमियन आली, तिचं नाव तिथूनच आलेलं आहे. म्हणजे जी गाडी अमेरिकेत ‘आई-बाबांची टोयोटा नव्हे’ म्हणून विकली जात होती, ती जपानमध्ये चक्क करोलाच्या घरातली होती.

२००८ मध्ये मंदी आली. मंदीचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याची नोकरी नवीन आहे, ज्याला बँक लोन देताना दहादा विचार करते, त्याला. म्हणजे बरोबर सायनच्या गिऱ्हाईकाला. पस्तिशीच्या आतल्या माणसावर पूर्ण ब्रँड उभा केला की हा धोका त्यात आलाच. कॅमरी घेणारा खरेदी एक वर्ष पुढं ढकलतो, पंचविशीतलं पोरगं जुनी गाडी घेऊन मोकळं होतं.

पण सगळं मंदीवर ढकलता येत नाही, कारण त्याच मंदीत, २००९ मध्ये कियानं अमेरिकेत ‘सोल’ आणली. हीसुद्धा चौकोनी, स्वस्त, रंगीबेरंगी. जाहिरातीत हिपहॉपवर डोलणारे हॅमस्टर, जे तेव्हा तुफान व्हायरल झाले. कियानं यासाठी वेगळा ब्रँड काढला नाही, वेगळा कोपरा काढला नाही. नुसती एक चांगली गाडी काढली आणि ती वेळेवर बदलत राहिले. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षांत अमेरिकेत सोलच्या १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या गेल्या. २०१५ मध्ये सायनच्या सगळ्या मॉडेल मिळून विकलेल्या गाड्या होत्या ५६,१६७.

या तुलनेत पूर्ण लेखाचं उत्तर आहे असं मला वाटतं. पोरं चौकोनी गाडीला कंटाळली नव्हती. ती जुन्या गाडीला कंटाळली होती. दुसऱ्या पिढीची एक्सबी २००७ मध्ये आली आणि किरकोळ बदल सोडले तर २०१५ पर्यंत तशीच विकत राहिली. आठ वर्षं! फोनचे किती मॉडेल येऊन गेले तेवढ्यात. ‘नवीन’ हीच ज्याची ओळख, त्या ब्रँडकडं नवीन माल नव्हता.

का नव्हता? कारण सायन हे टोयोटाच्या घरातलं धाकटं पोरगं. इंजिनिअर कॅमरी, करोला आणि आरएव्ही-४ साठी आधी लागणार. शोरूमच्या सेल्समनलाही तेच. गिऱ्हाईक सायन बघायला आलं आणि शेजारीच जास्त मायलेजवाली, ऑफर सुरू असलेली करोला उभी असेल तर तो कुठली विकेल? वेगळा ब्रँड करायचा पण वेगळा खर्च करायचा नाही, ही सुरुवातीची शक्कल आता अंगाशी आली. २०१३ मध्ये टोयोटानं डीलर्सना सांगितलं की, नको असेल तर दंड न भरता सायन सोडता येईल. तिथंच हवा कळली होती.

मध्ये चांगलं काही आलंच नाही असं नाही. २०१२ ची एफआर-एस ही सुबारूबरोबर मिळून बनवलेली हलकी, मागच्या चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्स कार होती. गाडीवेडे तिच्यावर आजही जीव टाकतात. पण बहुतेक देशांत तीच गाडी टोयोटा ८६ म्हणून विकली जात होती. म्हणजे टोयोटाच्या नावावर इतकी भारी गाडी चालते, तर अमेरिकेत सायनची गरज काय?

३ फेब्रुवारी २०१६

हा प्रश्न टोयोटानं स्वतःच सोडवला. त्या दिवशी कंपनीनं जाहीर केलं की सायन बंद होतोय आणि गाड्या टोयोटाच्या नावानं विकल्या जातील. एफआर-एस झाली टोयोटा ८६, आयएम झाली करोला आयएम, आयए झाली यारिस आयए. टीसी बंद. कंपनीचं म्हणणं असं की, आताची तरुण पिढी जास्त व्यवहारी आहे, तिला टोयोटा या नावाचं वावडं नाही. थोडक्यात, आई-बाबांची गाडी आता पोरांना चालते.

हे पूर्ण खोटं नाही. मंदी बघून मोठ्या झालेल्या पिढीला ‘बिघडत नाही’ हे शब्द कूल वाटायला लागले होते. पण अशा घोषणेत अपयशाला ‘मिशन पूर्ण’ म्हणायची पद्धत असते, हे लक्षात ठेवून ती वाचायची.

त्या घोषणेतला एक छोटा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. सायनसाठी म्हणून काम करणारे लोक होते २२. त्यांना टोयोटात दुसऱ्या जागा देऊ, असं कंपनी म्हणाली. अख्ख्या अमेरिकेत विकला जाणारा कार ब्रँड आणि त्याची स्वतःची माणसं बावीस! आपल्याकडं एखाद्या बऱ्या यूट्यूब चॅनेलची टीम याहून मोठी असते.

याच कमी खर्चामुळं एक गोष्ट मात्र चांगली झाली. सायनच्या मालकांना त्रास झाला नाही. सर्व्हिस आधीही टोयोटाकडंच व्हायची, नंतरही तिथंच. सॅटर्न २०१० मध्ये बंद झाली तेव्हा तिची वेगळी शोरूमही तिच्याबरोबर गेली आणि मालकांना सर्व्हिससाठी जनरल मोटर्सच्या दुसऱ्या ब्रँडच्या दारात उभं राहावं लागलं. म्हणजे ब्रँड जितका स्वतंत्र, तितका तो दमदार. आणि मेला की गिऱ्हाईकाचा ताप तितका मोठा.

मग हे कुणाला जमलंय का?

फोक्सवॅगन ग्रुपच्या स्पेनमधल्या सेआट कंपनीनं २०१८ मध्ये ‘कुप्रा’ वेगळा केला. आधी ते फक्त सेआटच्या जास्त वेगवान व्हेरियंटचं नाव होतं. सायनपेक्षा इथं एक मोठा फरक आहे. २०२० मध्ये कुप्राला फॉर्मेंटर ही गाडी मिळाली, जी सेआटच्या नावानं मिळतच नाही. २०२३ मध्ये कुप्रानं २ लाख ३० हजारांहून जास्त गाड्या विकल्या. आता अवस्था अशी की धाकटं पोरगं कमावतंय आणि थोरल्याचं काय करायचं, हा घरात प्रश्न आहे.

स्मार्टची गोष्ट वेगळी. स्वॉच घड्याळांच्या निकोलस हायेकनं डोक्यात घेतलेली, मर्सिडीजवाल्यांनी १९९८ मध्ये बाजारात आणलेली ती दोन सीटची चिमुकली गाडी. दिसायला गोड, ओळख जबरदस्त, पण इतक्या छोट्या गाडीत नफा काढणं कठीण. २०१९ मध्ये मर्सिडीजवाल्यांनी स्मार्टमध्ये चीनच्या गीलीला निम्मी भागीदार करायचं ठरवलं आणि आता त्या नावानं चांगल्या मोठ्या एसयूव्ही येतात.

आपल्याकडं काय?

भारतात यूथ ब्रँड म्हणावा असा स्वतंत्र कार ब्रँड कुणी चालवलेला नाही. जवळचं उदाहरण मारुतीचं. २०१५ मध्ये मारुतीनं नेक्सा काढलं. ते तरुणांसाठी कमी आणि ‘मारुती म्हणजे स्वस्त’ असं वाटणाऱ्यांसाठी जास्त होतं. पण दुखणं टोयोटासारखंच होतं, ८०० आणि अल्टोनं मिळालेली ओळख वरच्या गाड्यांना नडत होती. मारुतीनं कोपरा दिला नाही, वेगळी शोरूम बांधली आणि बलेनोसारखी खपणारी गाडी तिथंच ठेवली. २०१७ मध्ये याच नेक्सातून इग्निस आली, ती मात्र सरळसरळ तरुणांसाठी म्हणून. चौकोनी वळणाची, रंगीत, ॲक्सेसरीज लावून सजवता येणारी. ओळखीचं वाटतंय ना?

टाटा नॅनोचं तर सगळ्यांना माहिती आहे. ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ हा शिक्का बसल्यावर २०१३ पासून तिला तरुणांची गाडी म्हणून विकायचा प्रयत्न झाला. रंगीबेरंगी जाहिराती आल्या, २०१५ मध्ये ऑटोमॅटिक गिअरवाली जेनएक्स नॅनो आली. गाडी सुधारली होती, पण उशीर झाला होता. पोरांना पहिल्यापासून माहिती होतं की ही कुणासाठी काढलेली गाडी आहे.

मास कॉमच्या लेक्चरला ‘यूथ’ म्हणजे १८ ते ३५ असा एक डबा काढून दाखवतात. त्या डब्यात वडिलांच्या पैशावर गाडी घेणारा आहे, सात वर्षांचा ईएमआय काढणारी आहे आणि ओला-उबर परवडते म्हणून गाडीच नको म्हणणारेही आहेत. ब्रँड या तिघांना एकाच हूडीतला मॉडेल दाखवतो. मॅट ब्लॅक पेंट, लाल शिलाई, खास एडिशनचा बिल्ला, या सगळ्याचे पैसे ईएमआयमध्ये धरलेले असतात. त्यामुळं शोरूममध्ये विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. हीच गाडी दुसऱ्या नावानं मिळते का, साध्या व्हेरियंटपेक्षा इंजिन किंवा सेफ्टीत काही वेगळं आहे का आणि हे मॉडेल शेवटचं कधी पूर्ण बदललं होतं. सायनच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर २०१० नंतर कुणी विचारलं असतं, तर पुढचं चित्र तेव्हाच दिसलं असतं.

टोयोटानं मात्र तरुणांचा नाद सोडलेला नाही. आता त्यांनी वेगळ्या ब्रँडऐवजी टोयोटाच्या नावापुढं जीआर ही दोन अक्षरं लावायला सुरुवात केलीये. गाझू रेसिंग या त्यांच्याच रेसिंग टीमवरून ती आली. सायन एफआर-एसची पुढची पिढी आज जीआर ८६ नावानं विकली जाते. आणि तिच्या शेजारी शोरूममध्ये उभी असते जीआर करोला. जिच्यापासून पोरांना लांब न्यायला सायन काढला होता, तीच करोला.